शेक, पण चटका नाही: स्तनाच्या कॅन्सरनंतर रेडिएशन कसं पार पाडायचं

"बाई, चटका किती वेळ सोसायचा?" करमाळ्याकडच्या एका मावशींनी टेबलावर आडवं होण्याआधी मला विचारलं. त्यांना गावात कुणीतरी सांगितलं होतं की ऑपरेशन झाल्यावर छातीला पंचवीस दिवस शेक देतात. शेक म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तवा, फडकं, विटेचा तुकडा असं सगळं उभं राहिलं असणार. त्या दिवशी त्यांचं यंत्र चालू होऊन बंदही झालं, तरी त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी आत जाऊन "झालं मावशी, उठा" म्हटलं, तर म्हणाल्या, "अजून लावलंच कुठं?"

रेडिएशन विभागात टेक्नॉलॉजिस्ट म्हणून मला अठरा वर्षं झाली. डॉक्टर काय द्यायचं ते ठरवतात, फिजिसिस्ट गणित मांडतात आणि पेशंटला रोज टेबलावर नीट झोपवून ते प्रत्यक्ष देतो आम्ही. त्यामुळे हा लेख टेबलाच्या बाजूने लिहिला आहे. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. किरणं चालू असतात ती रोजची दोन-चार मिनिटं. पेशंट अडतो तो इतरत्र: हात वर जात नाही, खुणा पुसल्या जातात, एसटी चुकते, कातडी सोलते आणि घरी कुणीतरी वाटेल ते लावायला सांगतं. तेवढं आधीच माहीत असलं तर ही ट्रीटमेंट बऱ्याच बायका घरचं बघत, काही जणी तर नोकरी सांभाळूनही पार पाडतात.

तुम्हाला हे का सांगितलं आहे

'शेक', 'लाइट', 'करंट' ही सगळी एकाच गोष्टीची बोलीभाषेतली नावं. यात उष्णता नसते, वीज अंगातून जात नाही आणि दिसणारा उजेडही नसतो. लिनॅक नावाच्या यंत्रातून निघणारे हे एक्स-रेच असतात, फोटो काढायच्या एक्स-रेपेक्षा कितीतरी जास्त ताकदीचे. ते पेशीतल्या डीएनएचं नुकसान करतात. चांगली पेशी हे नुकसान बऱ्यापैकी भरून काढते, कॅन्सरच्या पेशीला ते तितकंसं जमत नाही. रोज थोडं-थोडं देण्यामागे हेच कारण आहे: चांगल्या पेशींना मधे सावरायला वेळ मिळतो.

फक्त गाठ काढून स्तन वाचवलेला असेल, तर रेडिएशन जवळजवळ ठरलेलंच. ते वगळायचं असेल तर डॉक्टरांकडे त्याला ठोस कारण हवं. २०११ मध्ये १७ अभ्यासांतल्या दहा हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. स्तन वाचवल्यानंतर रेडिएशन न घेतलेल्या शंभरातल्या साधारण ३५ जणींचा आजार दहा वर्षांत कुठे ना कुठे परतला, घेतलेल्यांमध्ये १९ जणींचा. 'गाठ निघाली, आता कशाला' या प्रश्नाला मी हेच दोन आकडे सांगते. आणि 'स्तन ठेवला म्हणजे धोका ठेवला' म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी मिलानचा जुना अभ्यास आहे: १९७३ ते १९८० या काळातल्या ७०१ बायकांचा. वीस वर्षांनंतरही पूर्ण स्तन काढलेल्या आणि स्तन वाचवून रेडिएशन घेतलेल्या बायकांचं जगण्याचं प्रमाण सारखंच निघालं.

पूर्ण स्तन काढला असला, तरी काखेतल्या लसिका गाठींमध्ये (लिम्फ नोड, या प्रत्येकाच्या अंगात असतातच) आजार सापडला असेल, मूळ गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल किंवा ती कातडीला वा छातीच्या भिंतीला चिकटलेली असेल, तर रेडिएशन सांगतात. काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत आजार असेल तर बहुधा दुमत नसतं. एक ते तीन असतील तर डॉक्टर वय, गाठीचा प्रकार वगैरे बघून ठरवतात, आणि हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारावा असा आहे.

उलटही खरं आहे. सत्तरी ओलांडलेली बाई, दोन सेंटिमीटरच्या आतली गाठ, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी), काखेत काही नाही आणि हार्मोनची गोळी रोज घ्यायची तयारी असेल, तर रेडिएशन न घेण्याचा पर्याय असतो. अशाच बायकांवर झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दहा वर्षांत त्या भागात आजार परतण्याचं प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत २ टक्के आणि न घेतलेल्यांत १० टक्के होतं. जगण्यात फरक पडला नाही. आजींना रोज साठ किलोमीटर आणायचं की नाही, हे ठरवताना हा आकडा घरच्यांना ठाऊक असायला हवा.

पंचवीस, पंधरा की पाच?

वेटिंग हॉलमधली ही रोजची तुलना. "तिला पंधरा, मला पंचवीस. मग माझं जास्त वाढलंय का?" नाही हो.

डोस ग्रे या एककात मोजतात. जुनी पद्धत ५० ग्रे, २५ दिवसांत, म्हणजे पाच आठवडे. इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात ४० ग्रे १५ दिवसांत, म्हणजे तीन आठवड्यांत देऊन पाहिले. दहा वर्षांनंतरचे निकालही तितकेच चांगले आणि त्रास थोडा कमीच. एकूण आकडा कमी दिसतो कारण रोजचा घास मोठा असतो. आज बहुतेक ठिकाणी पंधराचीच पद्धत आहे. २०२० मध्ये तिथल्याच आणखी एका अभ्यासाने २६ ग्रे फक्त ५ दिवसांत दिल्याचे पाच वर्षांचे निकाल प्रसिद्ध केले, तेही चांगले आले. आपल्याकडेही काही ठिकाणी निवडक पेशंटना ही एका आठवड्याची पद्धत देतात. दुरून येणाऱ्या बाईसाठी हा फरक किती मोठा आहे, ते एसटीने येणाऱ्यालाच कळेल. म्हणून 'मला कमी दिवसांचं चालेल का?' हे संकोच न करता विचारा. उत्तर 'नाही' आलं तर कारणही विचारा. प्लास्टिक सर्जरीने स्तन पुन्हा बनवलेला असणं किंवा कॉलरबोनच्या वरच्या भागालाही किरणं द्यायची असणं, अशी कारणं असू शकतात.

स्तन वाचवला असेल तर गाठ होती त्या जागेला जादा डोस देतात, त्याला 'बूस्ट' म्हणतात. तो शेवटी वेगळे चार-आठ दिवस लावून देतात किंवा रोजच्या डोसातच मिसळतात. पंधरा म्हणाले होते आणि आता वीस कसे झाले, यावरून काउंटरवर होणारी भांडणं बहुतेक या बूस्टवरूनच होतात. एकूण दिवस बूस्ट धरून किती, हे पहिल्या भेटीतच लिहून घ्या.

कुठे, किती खर्चात, कोणते कागद घेऊन

ऑपरेशन मुंबईला झालं म्हणून रेडिएशनही परळलाच घ्यायला हवं असं नाही. बार्शी, मिरज, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी रेडिएशनच्या सोयी आहेत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांकडून नीट पत्र घेऊन घराजवळ ट्रीटमेंट पूर्ण करणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या आहेत. रोज यायचं असतं तेव्हा अंतर हाच मोठा शत्रू. मुंबईलाच घ्यायचं ठरलं, तर दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहण्याची चौकशी तारीख मिळायच्या आधी सुरू करा, नंतर नाही.

पैशांसाठी पहिलं दार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, आणि त्यात रेडिएशन धरलेलं आहे. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे जा. मंजुरी उपचार सुरू होण्याआधी लागते. आधी पैसे भरून मागाहून योजनेत बसवता येईल या भरवशावर राहू नका. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येताना स्लीपर आणि थ्री टियर एसीमध्ये पूर्ण सवलत आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के. त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातला हॉस्पिटलचा दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे, डेपोत विचारा.

पहिल्या भेटीला फाइल अर्धवट घेऊन येणारे निम्म्याहून जास्त असतात. हे सगळं हवं: ऑपरेशनची डिस्चार्ज समरी, काढलेल्या गाठीच्या तपासणीचा पूर्ण हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, ईआर, पीआर आणि हर-टूचे (गाठीचा प्रकार सांगणारे) रिपोर्ट, किमो झाली असेल तर किती सायकल आणि कोणत्या औषधांच्या, मॅमोग्राफी आणि सीटी किंवा पेट स्कॅनची सीडी. ऑपरेशनच्या आधीचे रिपोर्टही. किमोने गाठ विरघळून गेली असेल, तर ती आधी केवढी होती हे फक्त त्या जुन्या कागदावर असतं आणि डोस कुठे द्यायचा ते त्यावरून ठरतं. पूर्वी छातीला कधी रेडिएशन झालं असेल, पेसमेकर असेल, ल्युपस किंवा स्क्लेरोडर्मासारखा आजार असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर हे आपणहून सांगा. विचारायची वाट बघू नका.

एक प्रश्न सगळे विचारतात: कोबाल्ट मशीन वाईट का? कोबाल्टमध्ये किरणोत्सर्गी धातूचा तुकडा असतो. त्याची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते, म्हणून जुना झाला की टेबलावर जास्त वेळ पडून राहावं लागतं. कातडीवरही थोडा जास्त परिणाम होतो. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेलं 'भाभाट्रॉन' हे असंच कोबाल्ट यंत्र, आणि त्याने खूप पेशंटना उपचार दिले आहेत. जवळ लिनॅक असेल तर लिनॅक घ्या, विशेषतः डाव्या बाजूला. पण लिनॅकच्या नंबरसाठी चार महिने थांबण्यापेक्षा वेळेत मिळालेलं कोबाल्ट बरं, असं माझं मत. ऑपरेशननंतर जखम भरायला साधारण चार ते सहा आठवडे आणि किमो झाली असेल तर शेवटच्या सायकलनंतर तीन-चार आठवडे, हा सुरू करायचा नेहमीचा काळ. फार लांबवू नये.

हात वर जायलाच हवा

यावर मी जरा जास्तच बोलते, कारण दर आठवड्याला यासाठी कुणाची तरी तारीख पुढे जाते.

ट्रीटमेंट घेताना हात डोक्याच्या वर, उतारावरच्या एका फळीवर ठेवून पडायचं असतं. काखेचं ऑपरेशन झालेली बाई हात छातीशी धरून ठेवते. दुखतं म्हणून, आणि टाका तुटेल या भीतीने. महिन्याभरात खांदा आखडतो. मग मार्किंगच्या दिवशी हात कानापर्यंतही जात नाही, आणि अशा हातावरून किरणं नीट सोडता येत नाहीत. तिला परत पाठवून दोन आठवडे व्यायाम करायला लावावा लागतो.

म्हणून ड्रेन (जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी) निघाली आणि सर्जननी परवानगी दिली, की भिंतीचा व्यायाम सुरू. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, हाताची बोटं भिंतीवर मुंगीसारखी वर चढवायची, जिथे ओढ बसते तिथे दहा अंक मोजून थांबायचं आणि सावकाश खाली यायचं. जिथवर पोचलात तिथे खडूने रेघ मारा. रोज तीन-चार वेळा. आमच्या एका ताईंनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर अशा एकोणीस रेघा मारल्या होत्या आणि त्याचा फोटो मला दाखवला होता, नातवाच्या उंचीच्या खुणांच्या शेजारी. दुसरा व्यायाम: पाठीवर पडून दोन्ही हातांत लाटणं धरून ते डोक्यामागे न्यायचं. ओढ बसली पाहिजे, कळ मारली नाही पाहिजे. काखेतून दोरीसारखं काही ताणल्यासारखं वाटत असेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा, ते सुटतं. रेडिएशन चालू असतानाही हे थांबवायचं नाही, आणि संपल्यावर तर मुळीच नाही.

मार्किंगचा दिवस

याला सिम्युलेशन किंवा प्लॅनिंग सीटी म्हणतात. या दिवशी उपचार मिळत नाही, माप घेतलं जातं. शिंपी मापं एकदाच नीट घेतो आणि मग त्यावर बेततो, तसंच.

तुम्हाला कमरेपर्यंत कपडे काढून त्या फळीवर झोपवतात. खोलीत एसी जोरात असतो. टेक्नॉलॉजिस्ट पुरुष असू शकतो. बाई हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा, बहुतेक ठिकाणी सोय करतात. भिंतीतून येणाऱ्या लेसरच्या रेघा अंगावर पडतात, त्या धरून शाईने खुणा करतात. काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके देतात. मग सीटी होतो. ऑपरेशनच्या व्रणावर बारीक तार चिकटवतात, ती सीटीत दिसावी म्हणून.

डावी बाजू असेल तर श्वास रोखून ठेवायची पद्धत विचारा. खोल श्वास घेतला की फुप्फुस फुगतं आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं, किरणांच्या वाटेतून बाजूला होतं. हे का महत्त्वाचं? स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या बायकांच्या २०१३ च्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसातल्या प्रत्येक ग्रेमागे पुढच्या काळात हार्ट अटॅकसारख्या मोठ्या घटनांचं प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. वाढ मूळ धोक्याच्या प्रमाणात आहे, शंभरातल्या सात जणींना अटॅक आला असा याचा अर्थ नाही. ज्यांना आधीच बीपी, शुगर आहे त्यांच्यासाठी मात्र हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा. श्वास साधारण वीस सेकंद धरता आला पाहिजे. घरी आठवडाभर सराव करा: छाती फुगवून श्वास घ्यायचा, खांदे उचलायचे नाहीत, पाठीची कमान करायची नाही. पाठ उचलली की मापच बदलतं. दमा असणाऱ्यांना जमत नाही, तर नाही. हृदय वाचवायच्या इतरही पद्धती आहेत.

मंगळसूत्राचं आधीच सांगते. गळ्यात धातू नको, सीटीतही नको आणि यंत्राखालीही नको. आम्ही कुणालाही जबरदस्तीने उतरवायला लावत नाही, पण डोळ्यांत पाणी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सोपा उपाय: घरूनच ते दुसऱ्या बाजूच्या मनगटाला गुंडाळून या किंवा तेवढे दिवस दोऱ्यात काळे मणी ओवून मनगटावर बांधा. जागेवर गडबड होत नाही आणि हरवतही नाही.

आता खुणा. त्या पुसू द्यायच्या नाहीत. एका दिवाळीत नरकचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तीन जणी कोऱ्या करकरीत छातीने आल्या. अभ्यंगस्नान, तेल, उटणं, घरच्यांनी मायेने चोळून घातलेलं. एकीचं पूर्ण माप पुन्हा घ्यावं लागलं. अंघोळ करा, कोमट पाणी आणि साधा साबण हाताने फिरवा, पण त्या भागाला तेल, उटणं, घासणी नाही. खूण फिकट झाली तर घरी पेनाने गिरवू नका, आम्हाला सांगा. शाई कपड्यांना लागते, म्हणून तेवढे दिवस जुने गडद रंगाचे सुती ब्लाउज वापरा.

माप घेतल्यापासून ट्रीटमेंट सुरू होईपर्यंत काही दिवस जातात. डॉक्टर सीटीवर भाग आखतात, फिजिसिस्ट किरणं कोणत्या कोनातून सोडायची ते बसवतात. छातीला दोन्ही कडांनी तिरपी किरणं देतात, दुधावरची साय चमच्याने अलगद काढावी तशी, म्हणजे खालच्या फुप्फुसाला शक्य तितकं कमी लागतं. या थांबण्याला 'हलगर्जीपणा' म्हणू नका. हे गणित घाईने करून घ्यायचं नसतं.

यंत्राखाली

पहिल्या दिवशी वेळ जास्त लागतो, अर्धा तास धरा. नंतर रोज आत-बाहेर मिळून दहा-पंधरा मिनिटं.

आम्ही लेसरच्या रेघा खुणांवर जुळवतो आणि तुम्हाला चादरीसकट मिलिमीटरने सरकवतो. इथे पेशंट मदत करायला जातात आणि घोळ होतो. "ताई, जरा डावीकडे" असं आम्ही एकमेकींशी बोलतो आणि पेशंटच उठून डावीकडे सरकते! अंग सैल सोडा. पिठाच्या गोणीसारख्या पडा, असं मी सांगते, बायका हसतात आणि सैल होतात. मग आम्ही बाहेर जातो, जाड दार बंद होतं. तुम्ही एकट्या असता पण कॅमेऱ्यात दिसत असता आणि बोललात तर ऐकू येतं. खोकला आला, हात अवघडला, तर बोला किंवा दुसरा हात हलवा, किरणं थांबवता येतात. यंत्र तुमच्याभोवती फिरतं, अंगाला लागत नाही. गुणगुण आवाज येतो. बाकी काही जाणवत नाही.

सोमवार ते शुक्रवार, रोज साधारण त्याच वेळी. एखादा दिवस यंत्र बंद पडतं किंवा सुट्टी येते. तो दिवस शेवटी वाढवतात, किंवा डॉक्टर ठरवून शनिवारी वा सहा तासांच्या अंतराने दोनदा देतात. आपण होऊन मात्र दिवस चुकवू नका. लग्न, बारसं, पेरणी यांसाठी आठवडाभर गायब होणारे पेशंट आमच्या डोक्याला सगळ्यात मोठा ताप. खरंच अडलं असेल तर आधी सांगा, एखादा दिवस जुळवता येतो. पाळी चालू आहे म्हणून न आलेल्या मुली पाहिल्या आहेत. पाळीचा याच्याशी काही संबंध नाही, यायचं.

कातडी

पहिला आठवडा काही होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी लालसर किंवा काळपट होते, खाजते, कोरडी पडते. काखेत आणि स्तनाच्या खालच्या घडीत जास्त, कारण तिथे घाम आणि घर्षण. काही जणींची तिथे सोलून ओली होते. आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही: सगळ्यात वाईट अवस्था ट्रीटमेंट संपल्यावर एक-दोन आठवड्यांनी येते. 'आता तर संपलं आणि आता चिघळलं' म्हणून बायका घाबरतात. तीन-चार आठवड्यांत बहुतेकदा भरून येते. काळपटपणा जायला काही महिने लागतात.

साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर पहिल्या दिवसापासून दिवसातून दोनदा लावा. ट्रीटमेंटच्या अगदी आधी जाड थर नको. लाली फार येईल असं दिसलं तर डॉक्टर मोमेटासोनसारखं स्टेरॉइड मलम देतात, त्याचा उपयोग होतो. दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका. डिओडरंटबद्दल विभागाविभागात नियम वेगळे. अभ्यासांत त्याने कातडी जास्त बिघडत नाही असं दिसलं आहे, पण कातडी फुटली असेल तर नकोच. हळदीचा लेप, ताजी कोरफड, खोबरेल, बोरिक पावडर यांतलं काही लावण्याआधी विचारा. ओली झालेली कातडी हळदीने पिवळी झाली की आम्हाला खाली काय चाललंय तेच दिसत नाही. गरम पाण्याची पिशवी आणि बर्फ दोन्ही बंद. चिकटपट्टी लावू नका, काढताना सालपट निघतं.

ब्रा टोचत असेल तर घालू नका. घरातल्या कुणाचा तरी धुऊन मऊ झालेला सुती बनियन वरून घाला, त्यासारखं काही नाही. काख रेझरने साफ करू नका. उन्हात जाताना पदर घ्या, त्या भागाला ऊन नको, पुढेही वर्षभर जपा.

थकवा, जेवण आणि घरातले

डोक्यावरचे केस याने जात नाहीत, काखेतले जातील. उलट्या सहसा होत नाहीत. थकवा येतो, दुसऱ्या आठवड्यापासून हळूहळू, आणि संपल्यावरही काही आठवडे रेंगाळतो. गंमत अशी की सतत पडून राहिल्याने तो वाढतो. रोज वीस-तीस मिनिटं चाललं तर कमी होतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्यावर उपचार हवा.

काय खाऊ नये ही यादी मोठी करू नका. डाळ, कडधान्यं, अंडी, मासे, दही, भाकरी, भाजी, जे घरी होतं ते भरपूर. कडक उपवास या दिवसांत नको. श्रावण पुढच्या वर्षीही येणार आहे. मिश्री लावत असाल तर ती तंबाखूच आहे, सोडा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका रेडिएशननंतर आणखी वाढतो.

आणि नातवंडांना जवळ घ्या. बाहेरून दिलेलं रेडिएशन अंगात राहत नाही, यंत्र बंद झालं की संपलं. एक आजी पंधरा दिवस ओसरीवर वेगळं ताट घेऊन जेवत होत्या, सुनेच्या तान्ह्या बाळाला काही होऊ नये म्हणून. त्यांच्या सुनेला बोलावून मी स्वतः समजावलं.

हार्मोनच्या गोळ्या, ट्रॅस्टुझुमॅबचं (हर-टू पॉझिटिव्ह आजारासाठीचं) इंजेक्शन चालू असेल तर ते आपल्या मनाने बंद करू नका, रेडिएशनबरोबर काय चालू ठेवायचं ते डॉक्टर सांगतील.

हे दिसलं तर वाट बघू नका

ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी, स्तन एकाएकी लाल आणि गरम होणं: त्याच दिवशी दाखवा. संपल्यानंतर एक ते सहा महिन्यांत कोरडा खोकला, बारीक ताप, चढताना दम लागणं असं झालं, तर किरणांमुळे फुप्फुसाला सूज आलेली असू शकते. गल्लीतल्या दवाखान्यात अँटिबायोटिकचे तीन कोर्स करून मग आमच्याकडे येऊ नका. त्या डॉक्टरांना रेडिएशन झालंय हे आधी सांगा. त्या बाजूच्या हाताच्या बांगड्या घट्ट व्हायला लागल्या, अंगठी निघेना, तर हाताला सूज सुरू झाली आहे. ही लवकर पकडली तर आटोक्यात राहते. काखेचं मोठं ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही झालेल्यांना तिचा धोका जास्त. जड हंडा त्या हाताने उचलणं टाळा, कापलं-भाजलं तर लगेच धुऊन मलम लावा.

संपल्यावर

चार ते सहा आठवड्यांनी पहिली तपासणी. स्तन वाचवलेला असेल तर रेडिएशननंतर सहा महिने ते वर्षाच्या आत मॅमोग्राफी आणि मग दरवर्षी, दुसऱ्या बाजूचीही. वाचवलेला स्तन थोडा घट्ट, आखडलेला लागतो, आकारही थोडा बदलू शकतो. तो बदल हळूहळू होतो. नवीन गाठ, व्रणावर नवे दाणे, कातडीचा संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसला तर तारखेची वाट न बघता या. कॉलरबोनच्या भागाला रेडिएशन झालं असेल तर वर्षातून एकदा थायरॉइड बघून घ्या.

आणि निघताना ट्रीटमेंट समरी मागून घ्या. कोणत्या भागाला, किती ग्रे, किती दिवसांत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, बूस्ट किती. दहा वर्षांनी तुम्ही दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरपुढे बसलेल्या असाल तेव्हा ते हेच विचारतील आणि आमच्याकडचं जुनं रेकॉर्ड सापडेलच असं नाही. तिच्या दोन झेरॉक्स काढा. एक फाइलमध्ये आणि एक रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवा, ती पिशवी घरात कधी हरवत नाही.